फिल्टरचं पाणी

नदीच्या पाण्याला वास येतो म्हणून बाजारात गिऱ्हाइकं नाकं मुरडतात, तेव्हा सगुणा भोईणीनं आज जिवंत मरळींच्या टबात फिल्टरचं पाणी भरलं. अर्ध्या तासात मासे उताणे पडून थरथरायला लागले.

"नदीचंच घाल बाई," शेजारची भाजीवाली हौसाक्का म्हणाली. "वीस वर्षं द्राक्षबागांची फवारणी उतरतेय त्यात. आता त्याशिवाय जमत नसेल त्यांना."

"विषाशिवाय? काहीतरीच तुझं!" सगुणेनं चिडूनच कॅनमधलं नदीचं पाणी ओतलं. बघता बघता मरळी सुलट झाल्या, शेपट्या आपटत पोहू लागल्या. तिला काही उमगेना.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याला नोकरीला गेलेली लेक होती.

"आई, हात पुन्हा थरथरतायत गं. रिपोर्ट सगळे चांगले. गावी आले की दोन दिवसांत बरी होते, इथं परत तेच."

"तिथं पाणी कसलं पितेस?"

"फिल्टरचं. का गं?"

सगुणा टबाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "थांब, मी येते."

कॅनमध्ये अर्धं पाणी उरलं होतं. ते लेकीला न्यावं की ओतून द्यावं, हे एसटीत बसेपर्यंत तिला ठरवता आलं नाही. झाकण मात्र तिनं घट्ट लावलं होतं.