देव कुठे ठेवायचा

रविवारी सकाळी सव्वासातला छायाची गाडी तपासणीत अडली. ब्रेक ठीक होते, टायर ठीक होते, सीटचे पट्टे ठीक होते. अडचण डॅशबोर्डवरच्या गणपतीची होती.

"गाडीत सुटं काही चालत नाही, वहिनी," क्लबचा शेखर म्हणाला.

सिन्नर रस्त्यालगतच्या मैदानावर टायर रचून क्लबने मोटार शर्यतीचा ट्रॅक आखला होता आणि आजचा दिवस नवख्यांचा होता. जॅक, स्टेपनी, पायाखालच्या मॅट, पाण्याची बाटली, सगळं बाहेर काढायचं. प्रत्येक गाडीशेजारी सामानाचा एक ढीग झाला होता. छायाच्या ढिगाजवळ तिच्या सासूबाई, कलाबाई, उभ्या होत्या. आरशाला बांधलेली शेवंतीची माळ त्यांनीच पहाटे ओवलेली. ती त्यांनी मुकाट्याने काढू दिली. गणपतीला मात्र हात लावू देईनात.

"देव काय कुणाला लागतो का रे, भाऊ?"

"पितळेचा आहे, मावशी. नुसता चिकटवलाय. जोरात ब्रेक लागला तर सुटून वहिनींच्या तोंडावर येईल."

कलाबाईंनी गणपतीकडे पाहिलं, मग सुनेच्या तोंडाकडे.

हा गणपती नसता तर छाया आज इथे आलीच नसती. मखमलाबादच्या घरात दोन आठवडे हाच एक विषय चालू होता. या वर्षी दोहोंतलं एकच जमणार होतं: कोइमतूरच्या रेसिंग स्कूलचा तीन दिवसांचा कोर्स, नाहीतर इथल्या क्लबचे रविवार. तिकडे गाडी त्यांची, शिकवणारे पक्के, आणि कोर्स पार पडला की शर्यतीत उतरायची वाट मोकळी. इकडे गाडी आपली, ट्रॅक घरापासून पाऊण तासावर, पण शिकवणं जुजबी. छायाला शर्यतीत उतरायचं होतं, म्हणून तिला स्कूल हवं होतं. फुलबाजाराकडे पहाटे पिकअप काढली की आपल्या सुनेच्या पुढे कुणी राहत नाही, हे कलाबाई शेजारणींना तोऱ्यात सांगत. पण जिला कधी हळदकुंकू लागलं नाही, जिच्यात देव नाही अशा परक्या गाडीत ती बसणार, हे काही त्यांच्या गळी उतरेना. नवऱ्याने, महेशने, दोघींच्या मध्ये पडायचं नाही असं ठरवून टाकलेलं. शेवटी छायानेच सासूबाईंचं ऐकलं आणि क्लबचा आजचा एक दिवस बघायचं कबूल केलं. स्कूलवाल्यांनी तिची जागा आज सकाळपर्यंत राखली होती. आठ वाजता ते फोन करणार होते, हो की नाही एवढंच विचारायला.

कलाबाईंनी आधी नखाने, मग शेजारी उभ्या महेशच्या किल्लीने गणपती सोडवला. पदराने पुसला आणि महेशच्या हाती दिला. ढिगात ठेवायचा नाही, जमिनीवर ठेवायचा नाही, चपलांजवळ तर नाहीच. महेश ओंजळीत देव धरून उभा राहिला आणि बायकोचा हेल्मेटमधला फोटो काढायचा राहून गेला.

"मग आता ह्या गाडीत आन त्या गाडीत फरक काय राह्यला?" कलाबाई म्हणाल्या.

याच वाक्याची छाया दोन आठवडे वाट पाहत होती. पुढचं बोलणं तिच्याकडे तयार होतं. पण सासूबाई डॅशबोर्डवर उरलेला गोंद अंगठ्याने खरवडत होत्या, ते बघून तिला ते बोलवेना.

"तुम्ही म्हणाल तसं, आई."

"मी काय म्हणू? तू इथं आत बसून काय करती, ते मला कुठं ठाऊक हाय?"

त्यांनी शेखरला विचारलं की शेजारी कुणी बसलेलं चालतं का. पहिल्या फेऱ्या सावकाश असतात, पुढे क्लबची गाडी असते, कुणी कुणाला मागे टाकायचं नसतं, असं त्याने सांगितलं. पट्टा आणि हेल्मेट घालून एक जण बसू शकतो. पण मावशींच्या पोटात ढवळेल, हेही त्याने सांगून पाहिलं.

"रोज पहाटं हिच्याच पिकअपमधून बाजारला येते मी," कलाबाई म्हणाल्या. "ढवळायचं काय राह्यलंय आता?"

महेश "आई, अगं" एवढंच म्हणाला.

"तू देव धर."

शेखरने आणलेलं हेल्मेट त्यांच्या अंबाड्यावर अडलं. त्याने मोठं आणलं. तेही अडलं. दोन-तीन गाड्यांमधली मंडळी आता इकडेच पाहत होती. कलाबाईंचे मोकळे केस छायाने घरातसुद्धा क्वचितच पाहिले होते.

कलाबाईंनी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला, लोकांकडे पाठ केली आणि अंबाड्यातले आकडे एकेक काढून दातांत धरायला सुरुवात केली. छाया सरकून त्यांच्या आणि लोकांच्या मध्ये उभी राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. कोइमतूरचा नंबर होता.

"आई, काय सांगू त्यांना?"

कलाबाईंच्या दातांत चार आकडे होते. एका हाताने त्यांनी थांब अशी खूण केली आणि दुसऱ्या हाताने पाचवा शोधू लागल्या. फोन वाजतच होता. अंबाडा निम्मा सुटला होता.