शाणूमाम प्रॉम्प्टर

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी सर्वणच्या जत्रेसाठी गोकुळदासनं एका इंग्रज नाटककाराचं नाटक मराठीत बसवलं. नवरा-बायकोच्या भूमिकेत त्याची बायको विमला आणि जिवलग मित्र उल्हास. संवाद मोजके, मौनच फार. तालमीत दोघं गप्प झाली की म्हातारा प्रॉम्प्टर शाणूमाम, वाक्य विसरली असं समजून, लगेच पुढचं सांगायचा. गोकुळदास खेकसायचा, “शाणूमाम, ती विसरूंक ना! नाटकातच तिथं मौन लिहिलंय. गप्प रावा!”

प्रयोगात विमला मध्येच उल्हासकडे बघत राहिली, तो तिच्याकडे. तिथं मौन लिहिलेलं नव्हतं. विंगेतून गोकुळदासनं वाक्य सांगितलं. पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.



शाणूमामनं त्याचा हात धरला. “ती विसरूंक ना, बाबा. गप्प राव.”