रजेचं कारण

“कोन गेलं?” वाहिदभाईंनी विचारलं.

रंजिता शिलाई मशीनवरून उठून त्यांच्यासमोर उभी होती. तिनं एवढंच म्हटलं होतं, “भाई, मले आत्ताच निघा लागते. दोन दिवस बाहेरगावी.” सकाळचे साडेदहा झाले होते. कोळशाच्या ट्रकवर टाकायची ताडपत्री मशीनखाली अर्धी शिवलेली पडली होती. ती संध्याकाळी द्यायची होती.

वाहिदभाईंच्या दुकानात सुट्टी आठ दिवस आधी सांगायची. ऐनवेळची सुट्टी फक्त मयतीला. रंजिताच्या आधी त्या मशीनवर इंद्रजित बसायचा. बाप दवाखान्यात आहे म्हणून तो गेला, आणि बाप वणीच्या बसस्टँडवर पान खाताना दिसला. दुसऱ्या दिवसापासून इंद्रजित दुकानात नव्हता.

खरं कारण नागपूरला होतं. रंजिताची मुलगी कोकिळा अकरा वर्षांची, दोनच महिन्यांपूर्वी तिथल्या वसतिगृहात राहायला गेलेली. सकाळी तिनं तिथल्या बाईंच्या फोनवरून फोन केला. तिला पहिल्यांदाच पाळी आली होती. रंजितानं तिला त्याबद्दल काहीच सांगून ठेवलं नव्हतं. अजून वेळ आहे, असं वाटलं होतं.

“आई, मी मरून राह्यली का?” कोकिळानं विचारलं होतं.

हे वाहिदभाईंना कसं सांगायचं? दाढी पिकलेला माणूस. शेजारी तीन कारागीर हात थांबवून ऐकत होते.

“सासू,” ती म्हणाली. मग शब्द आपोआपच येत गेले. “माती गावी, आमच्या तांड्यावर न्या लागते, मुकुटबनच्या तिकडं.”

वाहिदभाईंनी टोपी सारखी केली. तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले. “जा,” ते म्हणाले. “ताडपत्रीचं मी पाहतो. काही लागलं तं फोन कर.”

घरी सासू मानीबाई मेथी निवडत बसली होती. तिनं नागपूरचं सगळं ऐकलं आणि मान वर केली नाही. नातीला वसतिगृहात ठेवायचं तिला पटलं नव्हतं. तेव्हापासून ती सुनेशी कामापुरतंच बोलायची. तसंही तेरा वर्षांत तिनं रंजिताच्या भाकरीलासुद्धा कधी बरं म्हटलं नव्हतं.

“मी म्हनलंच होतं, नको पाठवू,” ती म्हणाली. “आता पळ.”

आपण हिला अर्ध्या तासापूर्वी मारून आलोय, हे रंजिताला सांगता आलं नाही. नवरा ट्रक घेऊन रायपूरकडे गेला होता. तिनं पिशवी भरली आणि नागपूरची एसटी धरली.

वरोऱ्याला गाडी थांबली, तेव्हा मोबाइलवर वाहिदभाईंचा मेसेज दिसला. “मलिका तुमच्या वणीच्या घरी जेवण घेऊन निघाली आहे. घर राखायला जे कोणी थांबले असतील त्यांना सांगून ठेव.”

मयतीच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही, तिथं डबा पाठवायचा, ही त्यांच्याकडची रीत. दुकानातल्या कुणाच्याही घरी तो चुकला नव्हता. वाहिदभाईंची बायको मलिका स्वतः घेऊन जायची. रंजिताला हे माहीत होतं. सकाळी आठवलं नव्हतं, इतकंच.

तिनं मानीबाईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

शेजारच्या फलाटावर वणीची एसटी उभी होती. मलिकाभाभीच्या आधी घरी पोचणं आता शक्य नव्हतं. पण माफी मागता आली असती. आजच्या आज मागितली तर नोकरी कदाचित राहिलीही असती. रंजिता सीटवरून अर्धी उठली.

“बाई, उतरता का इथंच?” कंडक्टरनं विचारलं.

ती पुन्हा खाली बसली. “नाही,” म्हणाली. “नागपूर.”

कोकिळा पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. आईला पाहून रडली नाही, नुसती सरकली आणि जागा करून दिली. रंजितानं तिचे केस विंचरले, पोट शेकलं, आणि आधीच सांगायला हवं होतं ते सावकाश सांगितलं.

“म्हणजे सगळ्याइलेच येते?”

“सगळ्याइले.”

“आजीले पन?”

“तिले पन येत होती.”

कोकिळाला हसू फुटलं. नेमका तेव्हाच फोन वाजला. वाहिदभाई. रंजिता व्हरांड्यात गेली. माफीचे शब्द तिनं बसमध्येच जुळवून ठेवले होते.

“पोचली का तांड्यावर?” वाहिदभाई म्हणाले. “मलिका आताच आली तुमच्या घरून. तुह्या सासूची बहीन होती घरी. मी घर राखाले थांबली म्हने. मलिकानं बसवून चार घास चारले तिले. लय रडली म्हने बिचारी.”

मानीबाईला बहीण नव्हती.

“मलिका निघाली तं तिनं हात धरला,” वाहिदभाई सांगत होते. “म्हने, तीन दिवस सुनेले कामावर बलावू नका. म्हने, माही बहीन तोंडानं कडू होती. जित्तेपनी सुनेले चांगलं म्हनाची तिले लाज वाटे. आता ते गेली, म्हून मी सांगते.”