समोरच्या जागेवरून

छापखान्यातून आलेला पहिला कागद ओरिकूनं उलगडला आणि त्यावरचं चित्र उजेडात धरून पुन्हा पाहिलं. चहाची किटली उजवीकडे होती, पाण्याचं भांडं डावीकडे, आणि बांबूच्या नळीतली पांढरी मुकुगेची फुलं भलत्याच बाजूला झुकली होती.

चित्रकाराचा कागद लाकडी फळीवर पालथा चिकटवायचा असतो. मग कोरलेलं उलटं येतं आणि छापलेलं सुलटं. त्या दिवशी दारावर आलेल्या सोनेरी माशांवाल्याशी बोलता बोलता तिनं तो उताणा चिकटवला. कागद इतका तलम की चित्र दोन्हीकडून सारखंच स्पष्ट दिसतं. तिच्या नवऱ्यानं, मोहेईनं, दिसलं तसं कोरलं. त्याला चहाच्या विधीतलं काय कळणार? तो चहा पितो भाताच्या वाडग्यातून, फुर्र करून.

"अहो," ती म्हणाली, "जरा ऐका..."

तेवढ्यात ओसोनोबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. चहागुरूंच्या विधवा. आठ दिवसांवर गुरूंचं वर्षश्राद्ध होतं आणि प्रत्येक शिष्याला त्यांच्या चहाच्या मांडणीचं हे चित्र द्यायचं होतं. चित्र उलटं निघालं असं त्या बाहेर बोलल्या, की मोहेईचे डोळे गेले म्हणून गल्लीभर बोभाटा होणार. मग त्याच्या हातात पुन्हा फळी कोण देईल?

बाईंनी आत येऊन कागद हातात धरला. किटलीवर बोट टेकवलं.

"हे उलटं आहे."

ओरिकूनं तोंड उघडलं, पण मोहेई आधीच कपाळ चटईला टेकून मोकळा झाला होता. "चूक माझी, बाईसाहेब. कागद मी चिकटवला. डोळे गेलेत माझे."

"काही गेले नाहीत!" ओरिकू उसळली. "सुईत दोरा अजून हेच ओवून देतात मला. कागद मी चिकटवला. गप्पा मारत होते त्या मेल्या माशांवाल्याशी."

"तू गप गं."

"तुम्हीच गप. जन्मात एकदा खोटं बोललात, तेही धड जमलं नाही."

ओसोनोबाईंचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. त्यांनी कागद चटईवर ठेवला, वीतभर मागं सरकल्या आणि पाहुण्यासारख्या गुडघे जुळवून बसल्या.

"एकतीस वर्षं ते चहा करायचे आणि मी समोर बसायचे," त्या म्हणाल्या. "किटली माझ्या उजव्या हाताला. चित्रकारानं काढलं ते त्यांच्या जागेवरून. माझ्या जागेवरून कुणी काढलंच नव्हतं."

"नवी फळी कोरून देतो की," मोहेई पुटपुटला.

"नको. हेच छापा."

"पण बाईसाहेब, शिष्य विचारतील," ओरिकू म्हणाली.

"विचारू देत. म्हणेन, आज माझ्या शेजारी बसून बघा."

मग त्या कागदापुढे वाकल्या, चहाचा वाडगा उचलण्याआधी वाकतात तशा. "तुमच्या हातचा चहा घेते हं," असं अगदी हळू म्हणाल्या.

कागदाच्या पलीकडे, त्यांच्या समोरची जागा रिकामी होती. तिथं लाकडाचा भुसा सांडला होता. ओरिकू गुडघ्यांवर पुढं सरकली आणि तिनं तो बाहीनं पुसून घेतला.