शेवटच्या होडीपर्यंत

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा. वारा समुद्राकडून आहे, मागच्यांना ऐकू यायचं नाही. गोष्ट एवढीशीच आहे, पण मनात ठेवण्याजोगी.

ओतिलियाकाकू वाळूवर झेंड्याखाली उभी होती. सप्टेंबरची पंधरा तारीख. सगळ्या मेक्सिकोत स्वातंत्र्याची आरोळी रात्री उशिरा उठते. या खाडीकाठच्या गावात ती सूर्य टेकतानाच उठते, कारण कोळंबीचा हंगाम नुकताच उघडलेला असतो आणि अंधार पडला की होड्या कुणासाठी थांबत नाहीत. पुरुष होड्यांत उभे, बायकापोरं काठावर. एकानं घंटा देऊन वीरांची नावं पुकारायची, बाकीच्यांनी "विवा" म्हणायचं. म्हणजे तो अमर राहो.

इतकी वर्षं पुकारायचा तो नाबोर, ओतिलियाचा नवरा. त्याचा आवाज थेट खाडीच्या मुखाशी, शेवटच्या होडीपर्यंत जायचा. ईस्टरच्या सुमारास डॉक्टरांनी त्याच्या घशातली गाठ काढली. गाठ गेली, जीव राहिला, पण आवाज गेला. आता तो तिच्याशेजारी खुर्चीत बसला होता, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, हातात घंटेची दोरी. यंदा कोण पुकारणार, हे विचारायला गावप्रमुख एव्हरार्दो घरी आला, तेव्हा नाबोरनं बायकोकडे बोट दाखवलं होतं. दुसऱ्या कुणाचा विचारही केला नव्हता.

"काकू, एक सांगू का," एव्हरार्दो हळूच म्हणाला. "भोंगा गाडीत तयार आहे. राजधानीतली आरोळी फोनवर भरून आणलीय. नाही जमलं तर लाज कसली? पुढच्या वर्षापासून तेच करू."

"आणि नाबोर काय करेल? नुसती घंटा वाजवेल?"

"त्यात घंटासुद्धा आहे, काकू."

ओतिलियानं नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. दोरी त्यानं बोटांभोवती घट्ट गुंडाळून घेतली होती.

आता ही बाई कोण, तर गावाची प्रार्थना सांगणारी. पाद्री महिन्यातून एकदा यायचा. एरवी जपमाळ हिच्याच हाती. ही एकेका संताचं नाव घ्यायची आणि गाव म्हणायचं, "आम्हांसाठी विनंती कर." मयताला हीच, बारशालाही हीच. पण ओरडणं म्हणून काय ते तिला ठाऊक नव्हतं. नवऱ्याला जेवायला बोलवायचं तरी खिडकीत जाऊन पातेल्यावर डाव वाजवायची.

"काकू, पुकारताय, की आम्ही जाळं टाकून येऊ तोवर?" शेवटच्या होडीतून चूय नावाच्या कोळ्याचा टोमणा पाण्यावरून आला.

नाबोरनं घंटा दिली. ओतिलियानं डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं. "इदाल्गो" हे पहिल्या वीराचं नाव निघालं, पण त्याची आरोळी झाली नाही. जिभेला वळण होतं त्याच चालीत ते निघालं. लांब, सुरात, शेवटी हळूच खाली उतरत.

आणि काठावरच्या सगळ्या बायका, हातात खाण्याच्या बशा घेऊन, एका सुरात म्हणाल्या, "आम्हांसाठी विनंती कर."

एक पोर फिसकन हसलं. एव्हरार्दो भोंगा आणायला गाडीकडे निघाला. ओतिलियाला नवऱ्याकडे बघायचा धीर होईना. बघितलं, तर त्याचे खांदे हलत होते आणि डोळ्यांना धार लागली होती.

"चुकलं रे, नाबोर," ती वाकून म्हणाली.

तो रडत नव्हता. हसत होता. आवाज नसलेलं, पोट धरून हसणं. घसा कापल्यानंतरचं पहिलंच. त्यानं हवेत हात फिरवला. चालू दे, अगदी असंच.

तेवढ्यात पाण्यावरून, सगळ्यांच्या मागाहून, खाडीच्या मुखाकडून एक जाडाभरडा सूर आला. "आम्हांसाठी विनंती कर." तो चूय होता. लहानपणी पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिला प्रसाद, घेतल्यानंतर तो चर्चची पायरी चढला नव्हता.

शेवटच्या होडीपर्यंत पोचलं होतं.

"इदाल्गो पाद्रीच होता की," एक म्हातारी घास गिळत म्हणाली. "त्याला विनंती केली तर कुठं बिघडलं? चल बाई पुढं."

ओतिलिया पुढं गेली. मोरेलोस. होसेफा. आयेन्दे. सगळे त्याच चालीत. काठ विनंती करत होता, होड्या विवा म्हणत होत्या, मधेच उलटंही होत होतं. दर नावामागे नाबोर घंटा देत होता, आणि त्याचा हात जराही थकत नव्हता.

एव्हरार्दो गाडीपर्यंत जाऊन रिकाम्या हातानं परत आला.

"भोंगा कुठाय?" ओतिलियानं विचारलं.

"भोंग्याला असं उत्तर कोण देणार, काकू," तो म्हणाला आणि टोपी काढून उभा राहिला.

होड्यांची इंजिनं सुरू झाली. मुख ओलांडता ओलांडता चूयनं तिच्याच चालीत, लांबवून, आणखी एक नाव पुकारलं. ते शाळेत कुणी शिकवत नाही. "नाबोर..."

काठानं काय उत्तर दिलं, ते इंजिनांच्या आवाजात नीट कळलं नाही. सगळ्यांची तोंडं मात्र हलली.

तर मंडळी, आज सांजेला आपापल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा नाबोरचंही एक घ्या. उत्तर विवा की विनंती, दोन्हींतलं कुठलंही चालेल.