सोपी वाट, पाच थांबे

बाईंनी फाटकाची कडी लावली, पाठीवरची पिशवी सारखी केली आणि म्हणाल्या, "चला काका. तुम्ही पुढे व्हा, मी मागून येते."

मागून! म्हणजे गुडघा नेमका जिथून दिसतो तिथून. खूणवाल्याने मनातल्या मनात कपाळावर हात मारला आणि तोंडाने म्हणाला, "या की. वाट एकदम सोपी आहे."

वाट सोपी की अवघड, हे या टेकड्यांमध्ये तीस वर्षं तोच ठरवत आला होता. दगडांवर, झाडांवर पिवळे बाण रंगवायचे, वाट चालून बघायची आणि कार्यालयाला कळवायचं. नकाशात तसंच छापून यायचं. त्याची परीक्षाही त्याची स्वतःची होती. चालता चालता एक लांबलचक गोष्ट धाप न लागता सांगून झाली, की वाट सोपी.

पण गेल्या महिन्यात उजवा गुडघा कुरकुरायला लागला आणि कुणीतरी कार्यालयात चुगली केली. निरोप आला: लवकरच कुणीतरी येऊन तुमची चाल बघून जाईल. तिथला नियम जुना होता. सोप्या वाटेवर दोनपेक्षा जास्त वेळा थांबावं लागणाऱ्याला खुणांचं काम मिळत नाही, असलं तर राहत नाही.

आणि आज सकाळी या बाई दारात उभ्या. वय फार तर तीस. "कार्यालयाने पाठवलंय. तुमच्याबरोबर वाट क्रमांक तीन चालायची आहे." हातात बंद पाकीट, त्यावर ठसठशीत अक्षरांत छापलेलं: वाट संपल्यावरच उघडावे. आणखी काय विचारायचं? बायकोने गुपचूप आत नेऊन गुडघ्याला पट्टा आवळला.

"अहो, दुखलं तर सरळ सांगा त्यांना," ती म्हणाली.

"दुखायला काय झालंय?" तो म्हणाला. काम गेलं तर आपण दिवसभर घरात बसून करणार काय, असा विचार करत त्याने पट्ट्यावरून विजार खाली ओढली.

पहिल्या चढावरच गुडघ्याने रंग दाखवला. खूणवाला थांबला. "हा बघा, मी रंगवलेला सगळ्यात पहिला बाण. हात कापत होता, म्हणून वाकडा आलाय." बाईंनी बाण बघितला. अगदी सावकाश, निरखून बघितला.

नंतर त्याने गोष्ट सुरू केली, एकदा धुक्यात त्याचाच बाण त्याला सापडेना त्याची. बाई हसत होत्या, पण नजर सारखी त्याच्या पायांकडे.

"काय बघताय एवढं?"

"तुम्ही पाय कुठे टाकता ते."

झालं! खूणवाला आणखी ताठ चालायला लागला.

ओढ्याच्या फळीपाशी दुसऱ्यांदा थांबावं लागलं. "इथे पाय बुडवल्याशिवाय कुणी पुढे जात नाही," असं ठोकून देऊन त्याने बूट काढले. गार पाण्याने जिवात जीव आला. बाई काठावर बसून राहिल्या.

"तुम्हीही बुडवा की."

"नको. परत मोजे घालायचा कंटाळा येतो."

झाडीत तो तिसऱ्यांदा थांबला. ओठांवर बोट ठेवून कुजबुजला, "ऐका. पक्षी." दोघंही बराच वेळ कान देऊन उभे राहिले. पक्षी कसला नि काय!

चौथ्यांदा मात्र निमित्त आयतं मिळालं. झुडपातला बोटभर काटा बाईंच्या विजारीतून थेट डाव्या पोटरीत रुतला होता. "अहो, काटा!" तो ओरडला. बाईंनी खाली बघितलं, काटा उपटून फेकला आणि चालू लागल्या. हूं की चूं नाही. बाई खमक्या आहेत, असल्या बाईपुढे आपली डाळ शिजायची नाही, असं त्याला वाटलं.

माथ्यावरच्या बाकावर तो पाचव्यांदा थांबला. लांबवर आपल्या घराचं छप्पर दाखवलं, थर्मासमधला चहा दिला. गोष्ट तिथे संपली आणि धाप लागली नव्हती. गुडघा काहीही म्हणो, छाती अजून शाबूत होती. उतरताना बाई आडव्या पावलांनी, जपून उतरत होत्या. तोही तसाच.

खाली रस्त्याकडेच्या शेडमध्ये वाट संपली. बाईंनी पिशवीतून पाकीट काढलं.

"पाच वेळा थांबलो आपण," त्या म्हणाल्या. "मी मोजत होते."

खूणवाल्याने वाकून बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली.

"आणि का थांबत होतात, तेही कळलं मला. तिथे पक्षीबिक्षी काही नव्हता."

त्याचे कान तापले. तीस वर्षांत त्याला एवढं ओशाळं वाटलं नव्हतं. तरी मान ताठ ठेवून तो म्हणाला, "कळलंय ना? मग पाकीट कशाला हवं? लिहून टाका काय ते."

"मी कशी लिहू?" बाईंनी पाकीट त्याच्या हातात दिलं. "तुम्हीच उघडायचं. पण काका, एक सांगते. इतकं सांभाळून घेतलंत, वर एका शब्दाने बोलून दाखवलं नाहीत. नापास केलंत तरी मी विसरणार नाही."

त्याने पाकीट फाडलं. आत एकच कागद होता. वर लिहिलं होतं: नवीन खूणकाराची चालपरीक्षा. उमेदवार म्हणून बाईंचं नाव होतं. परीक्षकाच्या जागी त्याचं.

खाली एकच प्रश्न होता आणि त्यापुढे रिकामी चौकट:

'उमेदवाराचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. त्या पायामुळे वाटेत किती वेळा थांबावे लागले?'