ठेका चुकला

"अजून जोरात वाजव, मृण्मयी! अडकल्यासारखं वाटलं पाहिजे!" कॅमेऱ्यामागून ऋजुता ओरडली. मीडियाच्या शेवटच्या वर्षासाठी तिला म्युझिक व्हिडिओ करायचा होता. कॉलेजच्या स्टोअररूममधल्या लोखंडी कपाटात बसून तिची मैत्रीण गाण्याच्या ठेक्यावर आतून दार वाजवत होती.

गेले दोन महिने ऋजुता इतरांचे व्हिडिओ थांबवून थांबवून बघत होती, कोणता कट कोणत्या ठोक्यावर पडतो ते वहीत टिपत होती. त्यामुळेच तिच्या कानाला खटकलं. दारावरची थाप आता ठेक्यात पडत नव्हती. वेडीवाकडी, घाईघाईने पडत होती. मृण्मयी तालाला पक्की होती, अभिनय करतानाही ती चुकली नसती.

ऋजुताने धावत जाऊन हँडल ओढलं. ते निखळून तिच्या हातात आलं, दार मात्र अडकलेलंच राहिलं. आतली थाप थांबली.

"मृण्मयी, बोल ना गं!"

"भोईटेकाका!" किंचाळत ऋजुता जिन्यापर्यंत गेली. शिपाईकाका पहार घेऊन धावत आले आणि त्यांनी दार उचकटलं.

घामाने निथळलेली मृण्मयी बाहेर कोसळली. काकांनी तिला खिडकीशी नेऊन तोंडावर पाणी मारलं. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले.

"शॉट मिळाला का गं?"

कॅमेरा चालूच राहिला होता. इतकी खरी भीती पुन्हा कधीच टिपता आली नसती.

"नाही," ऋजुता म्हणाली आणि तिने तो शॉट तिथल्या तिथे पुसून टाकला. मग मृण्मयीचा हात घट्ट धरून ती खाली बसली.